पावणेदोन गुणिले वीस

घाबरले की मला हसू येतं. हा रोग लहानपणापासूनचा. शाळेत वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा हसले, इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत समोरचे सर चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले तेव्हा हसले, आणि दाढ काढायला डॉक्टरांनी पक्कड हातात घेतली तेव्हा तर इतकी हसले की तेच दोन पावलं मागे सरकले. त्यामुळे पळस्प्याच्या त्या मसाल्याच्या दुकानात, जिला सासू करून घ्यायचं म्हणून मी तीन महिने झटत होते तिच्या डोळ्यांदेखत, मी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालणारं मशीन थांबायचं नाव न घेता लवंगा ओतत सुटलं, तेव्हा मी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला मी वेडी वाटेन. थोडी आहे, पण त्या दिवशी त्याला कारणही होतं.

मी मूळची साताऱ्याकडची. नोकरीसाठी पनवेलला आले आणि खांदा कॉलनीत एक खोली भाड्याने घेतली. आमची कंपनी लहान. वजनकाटे आणि वजन करून माल भरणारी यंत्रं बनवते. काट्याच्या पोटात एक इवलीशी चिप असते, तिला काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. काट्याचं बाहेरचं अंग, म्हणजे पत्रा कापणं, वाकवणं, वेल्डिंग, हे वर्कशॉपमधल्या एका मुलाचं काम. एकदा त्याने केलेली पेटी दोन मिलिमीटर मोठी झाली म्हणून मी भांडायला गेले. भांडण काही त्या दिवशी संपलं नाही, म्हणून उरलेलं भांडायला दुसऱ्या दिवशीही गेले. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की पेटी केव्हाच दुरुस्त झालीये आणि मी तरीही रोज जातेय.

तो इथलाच, आगरी. पळस्पे फाट्यापासून आत गाव आहे, तिथला. त्याची आई गावात मसाल्याचं कांडप चालवते. विजेवर चालणारा डंका आहे तिच्याकडे, लोखंडी मुसळं एकाआड एक वरखाली होतात आणि खालच्या उखळात मिरची कुटली जाते. उन्हाळ्यात पार नेरे गावापासूनच्या बाया वाळवलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन रांगा लावतात. शिवाय तिचा स्वतःचा मसाला असतो, वीस-वीस किलो मिरचीचे घाणे. त्या मसाल्याला नाव आहे. मसाला कुठला आहे ते माणसाला भाजी बघून नाही, शेजारच्या घरातून वास आला की कळतं. तिचं प्रमाण कुठे लिहिलेलं नाही. ते तिच्या डोक्यात आहे आणि तिच्या डोक्यात कोणाला प्रवेश नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. पहिल्याच भेटीत चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "काकी, मला तुमच्या मुलाशी लग्न करायचंय." आणि अर्थातच हसले. तो भिंतीकडे बघत राहिला.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "साताऱ्याची म्हंजे घाटावरची," ती म्हणाली.

"हो."

"सैपाक येतो?"

"नाही."

"मसाला कसा करतात ते आदी बग. मंग बगू."

हो नाही आणि नाहीही नाही. तो म्हणायचा, आयेने नाही म्हटलं तरी आपण कोर्टात जाऊन लग्न करू. पण हे म्हणताना त्याचा चेहरा असा काही पडायचा की मला स्पष्ट दिसायचं: हा कोर्टात सही करेल, आणि घरी जाऊन तोंडावर पांघरूण घेऊन झोपेल. मला तसा नवरा नको होता. मला तिचा होकार हवा होता, तोंडाने दिलेला, चार लोकांत दिलेला.

म्हणून मी दर रविवारी मसाला बघायला जाऊ लागले. बघण्यात मला एकच गोष्ट दिसली. मिरची, धणे हे सगळं मजूर बाया करायच्या, पण गरम मसाला ती कोणाला हात लावू द्यायची नाही. पत्र्याच्या डबीत तोळ्याची, अर्ध्या तोळ्याची, पाव तोळ्याची पितळी वजनं, हातात छोटा तराजू, आणि तेरा जिनसा. लवंग, मिरी, दालचिनी, नाकेश्वर, दगडफूल, एकेक करून तोलायची. तिच्या उजव्या मनगटाला कायम क्रेपचा पट्टा गुंडाळलेला असायचा. तराजू धरला की दर थोड्या वेळाने ती तो हात खाली सोडून झटकायची, आणि कोणी बघतंय का ते बघायची.

मला स्वयंपाक येत नव्हता, पण वजन करणारं यंत्र येत होतं. त्याला म्हटलं, तू तेरा खण असलेली पेटी कर, प्रत्येक खणाला खाली सरकतं दार कर, बाकी माझ्यावर सोड. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मशीनला काय समजतं? पन करून बग. चालला तर चालला." आणि मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "चालला तर मंग बाकीचा बी बोलू." हे वाक्य मी खांदा कॉलनीपर्यंत रिक्षात मोठमोठ्याने म्हणत गेले. रिक्षावाल्याने दोनदा आरशात बघितलं.

प्रमाण लिहून घ्यायला बसले तो दिवस मला फार आवडतो. वही मांडीवर, ती खुर्चीत, आणि ती सांगतेय: किलोला लवंग पावनेदोन तोले. दालचिनी साडेतीन. मिरी सव्वादोन. दगडफूल पाऊन. नाकेश्वर सव्वा. तेरा जिनसांत एकही सरळ आकडा नाही. सगळे पावणे, सव्वा आणि साडे. ऑफिसात आम्ही दिवसभर शून्य पॉइंट सात पाच करत बसतो, आणि इथे ही बाई चौथी शिकलेली, आणि तिच्या तोंडून अपूर्णांक असे गळत होते जसे माझ्या आईच्या तोंडून टोमणे.

तेव्हाच ठरवलं. हा प्रोग्राम तिच्या शब्दांत लिहायचा. उद्या मी तिला स्क्रीन दाखवली तर तिला तिचाच मसाला वाचता आला पाहिजे.

प्रोग्रामिंगमध्ये मॅक्रो म्हणून एक सोय असते. वर एकदा लिहून ठेवायचं की अमुक शब्द दिसला की त्याच्या जागी तमुक मजकूर ठेव. मी तीन ओळी लिहिल्या. साडे म्हणजे दिलेला आकडा अधिक अर्धा. सव्वा म्हणजे दिलेला आकडा अधिक पाव. पावणे म्हणजे दिलेला आकडा वजा पाव. झालं. मग खाली ओळीने लवंग, पावणे दोन, गुणिले किलो. दालचिनी, साडे तीन, गुणिले किलो. वाचलं की वाटावं तीच बोलतेय. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. इतका सुंदर प्रोग्राम मी आयुष्यात लिहिला नव्हता.

मॅक्रो मात्र एक नंबरचा नंदीबैल असतो. त्याला गणित कळत नाही, भाषा कळत नाही. त्याला फक्त एका मजकुराच्या जागी दुसरा चिकटवता येतो, जसाच्या तसा. म्हणून आमच्या ऑफिसातले सीनियर, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते दोन वर्षं रोज एकच पाढा म्हणायचे: मॅक्रो लिहिलास की त्याला कंसात घाल. आत येणाऱ्या प्रत्येकाला एक कंस, आणि सगळ्या कुटुंबाला मिळून बाहेरून एक कंस. कंसाला पैसे पडत नाहीत. मी मान डोलवायचे. पण हा काही ऑफिसचा प्रोग्राम नव्हता, तो कोणी तपासणार नव्हतं, आणि माझ्या त्या तीन सुबक ओळींना कंस लावले असते तर पैठणीला सेफ्टी पिना लावल्यासारखं दिसलं असतं. मी नाही लावले.

चाचणी मी घरी घेतली, ओट्यावर. एका किलोचं प्रमाण लावलं. लवंगेचं दार उघडलं, टपटप लवंगा पडल्या, दार बंद. काटा म्हणाला, एक पूर्णांक पंचाहत्तर तोळे. तिच्याच पितळी वजनांनी मी काटा शिकवला होता, म्हणजे तोळाही तिचाच. दालचिनी साडेतीन, मिरी सव्वादोन, तेराच्या तेरा बरोबर. मी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि ओट्यासमोर नाचले.

तो म्हणाला, "एकदा दोन किलोला करून बघ ना. किंवा पाचाला."

"शितावरून भाताची परीक्षा," मी म्हटलं. "एकाला बरोबर, ते विसालाही बरोबर. गुणाकार आहे, जादू नाही."

ज्यांना पत्रा कापायचा असतो ती माणसं दोनदा मोजतात. माझ्यासारख्यांना पुसून पुन्हा लिहिता येतं, म्हणून आम्ही एकदाही धड मोजत नाही.

मग तो रविवार आला. मशीन टेम्पोतून पळस्प्याला गेलं. दुकानात आठ-दहा बाया आपापले डबे घेऊन बसल्या होत्या, काहींचं कांडून झालं होतं पण त्या मशीन बघायला थांबल्या होत्या. काकीने नवी साडी नेसली होती. मोठ्या परातीत वीस किलोच्या घाण्याचे पाच किलो धणे आधीच ओतलेले होते, परात काट्यावर, काटा शून्यावर आणून ठेवलेला. मी किलोच्या जागी वीस आकडा टाकला. "काकी, तुम्ही दाबा," मी म्हटलं. तिने पदराला हात पुसला आणि हिरवं बटण दाबलं.

पहिला खण लवंगेचा. दार उघडलं, लवंगा पडायला लागल्या. बायांनी "अगो बाय" केलं. तोपर्यंत सगळं छान होतं. लवंगा पडत होत्या. मग अजून पडत होत्या. धण्यांवर लवंगांचा एक ढीग झाला, ढिगाला शेंडा आला, शेंडा घसरला आणि पुन्हा झाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर लिहिलेलं होतं: हवे, उणे तीन तोळे.

आणि मला हसू आलं.

मी लाल बटण शोधत होते आणि हसत होते, तो पेटीच्या मागे वाकून दार हाताने ढकलत होता, बाया एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून पुढे वाकल्या होत्या, आणि मशीन शांतपणे आपलं काम करत होतं. खणात दोन किलोच्या वर लवंग होती. ती सगळी परातीत गेली. मग मशीनने शिट्टी वाजवली आणि मीच मोठ्या कौतुकाने मराठीत लिहिलेला निरोप दाखवला: लवंग भरा. तेवढ्यात काकी उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने प्लग उपटला.

मशीन बंद पडलं. माझं हसू मात्र चालूच होतं, आता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं ते मलाही सांगता आलं नसतं.

"काय झायला?" काकीने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "व्होल्टेज, आये. व्होल्टेज वरखाली झाला. मशीनचा काय दोष नाय."

एवढं म्हणायची खोटी, बाया सुटल्या. एकीचा फ्रीज गेला होता, एकीचा मिक्सर, एकीच्या तर नव्या टीव्हीतून धूर निघाला होता. व्होल्टेजचं दुःख नाही असं घर त्या गावात नव्हतं. काकीचा चेहरा सैल झाला. "मंग मशीन बरा हाय," ती म्हणाली. "तुजी काय चूक नाय गो. वायरमनला सांगते मी." आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

खरं सांगते, त्या हाताखाली मला फार बरं वाटलं. दोन श्वास मी व्होल्टेजच्या आडोशाला उभी राहिले. घरी जायचं, चूक शोधायची, गुपचूप दुरुस्त करायची, पुढच्या रविवारी होकार घ्यायचा. तो मागून डोळ्यांनी मला तेच सांगत होता. पण त्या हाताला पट्टा गुंडाळलेला होता. उद्या हे मशीन पुन्हा बिघडलं तर ती वायरमनला शिव्या देणार, आणि परवा पुन्हा तराजू घेऊन बसणार, आणि मी तिच्या घरात राहून हे बघणार. मला माझी चीड आली. इतकी की हसू थांबलं.

"काकी, व्होल्टेज नाही," मी म्हटलं. "माझी चूक आहे."

तिने हात काढला. तो पेटीच्या मागेच खाली बसला.

"काय चूक?"

"ते अजून मला माहीत नाही."

तिने कोपऱ्यातला पाट ओढला आणि माझ्यासमोर बसली. सगळ्या बायांनी आपापले डबे जवळ ओढले. नाटकाला याहून चांगला प्रेक्षक मिळत नाही. "किलोला पावनेदोन तर वीस किलोला किती?" काकीने विचारलं.

मी फोन काढायला लागले.

"पस्तीस," ती म्हणाली. "वीस एके वीस, आनि वीस पाऊन पंदरा. माजा बाप मिठागरावर मीठ मोजायचा, त्यानं पाऊनकी घोकून घेतली आमच्याकडून. तुज्या मशीनला किती आला?"

"उणे तीन."

"उने तीन म्हंजे?" एका बाईने विचारलं.

"म्हणजे तीन तोळे लवंग परत द्यायची," मी म्हटलं.

"कोनाला?"

मी मशीनला सांगितलं होतं, हवं तेवढं वजन जुळलं की दार बंद कर. जुळलं की. पोचलं किंवा पुढे गेलं की, असं नव्हतं म्हटलं, तीही माझीच अक्कल. परातीत उणे तीन तोळे लवंग व्हायची वाट बघत ते बिचारं ओतत बसलं होतं. जितकं ओतेल तितकं त्यापासून लांब जात होतं.

"तू त्याला काय सांगितलास ते वाच," काकी म्हणाली. "लिवलास तसाच वाच. तुज्या मनातला नको."

मी लॅपटॉप उघडला. कीबोर्डवर मिरचीची पूड होती, मी तीनदा शिंकले. मग मॅक्रोच्या जागी त्याचा मूळ मजकूर ठेवून, त्या नंदीबैलाने वाचलं असेल तसं, मोठ्याने वाचलं. "दोन वजा पाव गुणिले वीस."

काकीच्या कपाळाला आठी पडली. "आसा कोन बोलतं?"

"म्हणजे?"

"पावनेदोन एक शब्द हाय. तू तो मोडलास कशाला? तुजा मशीन पाव घेऊन बसला विसाबरोबर, आनि दोन रायला बाजूला. आदी पावनेदोन होऊ दे ना गो. मंग वीस कर."

मी तिच्याकडे बघतच राहिले. गुणाकार आधी होतो, वजाबाकी नंतर, हे सातवीतलं पोरही सांगेल. पाव गुणिले वीस, पाच. दोन वजा पाच, उणे तीन. आणि एका किलोला? पाव गुणिले एक, पावच. दोन वजा पाव, पावणेदोन. बरोबर. ओट्यावर सगळं बरोबर येणारच होतं, एकाने गुणल्यावर कोणाची चूक दिसते? दालचिनी सत्तर तोळ्यांऐवजी तेरा तोळे पडणार होती. मिरी पंचेचाळीसऐवजी सात. प्रमाणात एकही पावणे नसतं तर त्या घाण्याची राख झाली असती आणि आम्हाला ती जेवताना कळली असती.

मला पुन्हा हसू आलं, पण हे वेगळं होतं, हे आनंदाचं होतं. दोन वर्षं सीनियर माझ्यापाशी डोकं फोडत होते आणि माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आणि मी जन्मापासून ते बोलत होते. पावणेदोनशे म्हटलं की कोणी दोनातून पंचवीस वजा करत नाही. साडेतीनशे म्हटलं की कोणाला त्रेपन्न ऐकू येत नाही. आपल्या भाषेने ते दोन तुकडे कधीच मुठीत बंद करून ठेवलेत, आणि मूठ बंद आहे तेवढ्यावर मग शंभर येतात, हजार येतात. मी ती मूठ उघडून दाणे सांडले होते. एवढं सगळं मी बायांना समजावून सांगितलं, हातवारे करून, आणि त्यांनी माना डोलावल्या, जशा मी सीनियरांपुढे डोलवायचे.

"मंग आता?" काकीने विचारलं.

"आता कंसात घालते."

कंस म्हटल्यावर प्रत्येक मराठी माणूस जो विनोद करतो तो तिथे चौघींनी एकदम केला. त्यावर मामा-भाच्यांचं बरंच काही झालं. तोवर मी तिन्ही ओळींना कंस लावले, आकड्याला आतून आणि सगळ्याला बाहेरून. वर दुप्पट नावाचाही एक मॅक्रो सणासुदीसाठी करून ठेवला होता, त्यालाही लावले. नाहीतर कोणी एक अधिक एकाची दुप्पट मागितली असती तर त्याला तीन मिळाले असते. जुळलं की ऐवजी पोचलं की असं केलं. कंस लावल्यावर त्या ओळी मला आधीपेक्षा देखण्या वाटल्या. मी तसं त्याला सांगितलं, तर तो अजून पेटीच्या मागून बाहेर यायला तयार नव्हता.

आता प्रश्न परातीचा. पाच किलो धण्यांत दोन किलोवर लवंग. सुपाने पाखडून बघितलं, चाळणीने चाळून बघितलं, काही निघाली, पुष्कळ राहिली. शेवटी परातीतला माल चार ताटांत ओतला आणि सगळ्या बसलो निवडायला. ज्या बायांचं कांडून झालं होतं त्याही बसल्या, कोणी बोलावलं नव्हतं. डंका बंद होता. मी मधोमध मांडी घालून, बोटांना लवंगेचं तेल, केसांत मिरची, आणि आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते आणि इतकी घाबरलेलीही. मशीन दुरुस्त झालं होतं हे खरं. पण तिने पाठीवरून काढलेला हात परत आला नव्हता, आणि 'बाकीचा' विषय तिने अजून काढला नव्हता. ती समोर बसून खाली मान घालून लवंगा वेचत होती. ताट रिकामं झालं की नुसतं दुसरं पुढे ओढत होती.

निवडून झाल्यावर काट्यावर यावेळी रिकामी परात, खणात लवंगा, पुन्हा वीस. बटण दाबायला तीच उठली. लवंगा पडल्या, दार बंद झालं. पस्तीस. तिने ते मानलं नाही. मशीन मधेच थांबवून परातीतली लवंग काढून घेतली, आपली डबी उघडली, तराजू उचलला आणि एकेक खेप तोलून बघितली. पस्तीस. मग हात झटकला, यावेळी कोणी बघतंय का ते न बघता, आणि डबी बंद केली.

"तुज्या आयेचा नंबर दे," ती म्हणाली.

मी दिला. तिने पदराने फोन पुसला, मुलाकडून नंबर लावून घेतला आणि स्पीकर चालू केला, कारण कानाला लावला असता तर मिरची लागली असती. साताऱ्याला माझी आई दुपारची झोपलेली असते. तिचा आवाज आला तसा दुकानातला प्रत्येक हात थांबला.

"मी पनवेलवरून बोलते," काकी म्हणाली. "तुमची पोरगी माज्याकडं हाय. बरी हाय, घाबरू नका. तिनं आज माजी दोन किलो लवंग धन्यात पाडली."

"अरे देवा," आई म्हणाली. "तिला मी सांगितलं होतं—"

"आयका. पाडली ती पाडली, पन मीच पाडली बोलली. मना तोंडावर बोलली." काकीने श्वास घेतला. "आनि माजा पोरगा व्होल्टेज बोलला. माज्या पोटचा, माज्याच दुकानात, दहा बायकांसमोर खोटा बोलला. तर माजी बाजू मी तुमाला खरी सांगते. मना तुमची पोरगी पायजे. पन असा खोटा बोलनारा जावय तुमाला चालल का, आनि तिला चालल का, ते तुमी इचारून घ्या. मी जबरदस्ती नाय करनार."

फोनमधून बांगड्या वाजल्या. आई बहुधा उठून बसली असावी. मग ती म्हणाली, "मी कशाला विचारू, तुमच्यासमोरच आहे ना. तुम्हीच विचारा."

काकी माझ्याकडे वळली. दहा बाया वळल्या. पेटीच्या मागून एक डोकं वर आलं, लवंगेच्या धुळीने माखलेलं, आणि त्याचा तसा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता. तीन महिने मी या घराच्या होकाराची वाट बघत होते, आणि आता होकार माझ्याकडेच मागितला जात होता.

"चालेल," मी म्हटलं. पण निवडता निवडता मी इतक्या लवंगा चघळल्या होत्या की जीभ पार बधिर झाली होती आणि तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर आलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "नाय बोलली का ती?" आईने फोनमधून साताऱ्याहून विचारलं, तिलाही दोन मिनिटांत त्यांची बोली लागली होती की काय कोण जाणे. मी जीभ दातांखाली धरून जागी केली, आणि यावेळी दहा बायकांना, दोन आयांना आणि एका खोटारड्याला नीट ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.